पहिलीतल्या पोरांची भाषा येणारा शिक्षक : सरकारनं पैसा नेमका कुठं घालावा?

पळसपान

नमस्कार मंडळी. मी मूळचा वर्धेकडचा. गेली सहा वर्षं गडचिरोली जिल्ह्यात एटापल्ली तालुक्यात जिल्हा परिषदेच्या दोनशिक्षकी शाळेवर आहे. पहिली-दुसरी माझ्याकडे.

रुजू झालो त्या जुलैतली गोष्ट. पहिलीतली एक मुलगी दोन दिवस आली नाही. तिसऱ्या दिवशी आली तेव्हा मी विचारलं, "काल का नाही आलीस?" तिनं खाली आपल्या पायांकडं पाहिलं. मी पुन्हा विचारलं, जरा मोठ्यानं. तिनं एक पाय उचलून मला तळवा दाखवला. तळव्याला चिखल होता. मला वाटलं काटा मोडला असेल. पाय धुऊन दिला, काटा शोधला, सापडला नाही. तिला हळद लावून जागेवर बसवलं. दिवाळीच्या आसपास अंगणवाडीच्या मदतनीस ताईंनी सहज बोलता बोलता सांगितलं, सर, गोंडीत 'काल' म्हणजे पाय. माझ्या अख्ख्या प्रश्नातला तिला कळलेला तो एकच शब्द होता, आणि तिनं त्याचं अगदी बरोबर उत्तर दिलं होतं.

त्या वर्षी वर्गात १९ मुलं होती. चार महिने ती माझ्या ओठांकडं बघत बसली. आता मला कामापुरती गोंडी येते, पहिलीचा वर्ग बोलका झालाय. पण यंदा अवघड क्षेत्रातली माझी सेवा भरली, मी बदलीला पात्र झालोय. आईवडील थकलेत, मला जावंच लागेल. माझ्या जागी जो येईल त्याचे आणि त्या पोरांचे चार महिने पुन्हा तसेच जाणार.

या सहा वर्षांत भाषेच्या नावानं शाळेत बरंच आलं. चित्रांचे तक्ते आले, शब्दपेट्या आल्या, तीन-तीन दिवसांची प्रशिक्षणं झाली. ते वाईट होतं असं म्हणत नाही, तक्ते मी रोज वापरतो. पण ती भाषा बोलणारं माणूस एकदाही आलं नाही. माझं मत असं की सरकारनं पैसा माणसांवर घालावा. गावातल्या बारावी झालेल्या पोरापोरींना डी.एल.एड.चा, म्हणजे प्राथमिक शिक्षक होण्यासाठीच्या पदविकेचा, सगळा खर्च द्यावा आणि पुढं त्याच भागात नेमणूक द्यावी. आमच्यासारखे बाहेरून येतात त्यांना रुजू होण्याआधी पाच-सहा महिने भाषा शिकवावी. तुमचा अनुभव काय? माझं कुठं चुकत असेल तर तेही सांगा.

वऱ्हाडी_ठेचा

मी धागा उघडला तो सेमी इंग्रजीचा समजून. आमच्या अकोट तालुक्यात दोन भाषेची शाळा म्हटलं का लोकायले सेमीच आठवते. तळव्याची गोष्ट वाचली अन् भाऊ, गलबलून आलं. बाकीचं जाणकार लिहतीन, मी वाचतो.

कोयतूर

सेवा जोहार सर. तुमची ती मुलगी म्हणजे तीस वर्षांपूर्वीचा मी. आमचे गुरुजी पुस्तकावर बोट ठेवून विचारायचे, "हे काय?" मी हात वर करायचो. गोंडीत 'कय' म्हणजे हात. गुरुजींना वाटायचं पोरगा हुशार आहे, प्रत्येक प्रश्नाला हात वर करतो. मग उत्तर विचारलं की मी गप्प.

आणखी ऐका. 'पाल' म्हणजे आमच्याकडं दूध. भिंतीवरच्या तक्त्यात 'प'पुढं पालीचं चित्र असलं की आमची पोरं चक्रावतात. 'कोर' म्हणजे कोंबडी. माझ्या बहिणीला चंद्रकोर काढ म्हटलं तर तिनं चंद्र काढला आणि खाली कोंबडी काढली. चित्र सुंदर होतं, मार्क शून्य. आज घरात सगळे यावर हसतो. पण ती तिसरीतच घरी बसली, आणि त्या शून्याचा त्यात वाटा होता असं मला अजून वाटतं.

आता मुद्द्याचं. शिक्षक पात्रता परीक्षेत, टीईटीत, पहिल्या पेपरला १५० गुण असतात. त्यात भाषेचे दोन भाग, ३०-३० गुणांचे. भाषा निवडताना मराठी, इंग्रजी, उर्दू, हिंदी याबरोबर बंगाली, गुजराती, तेलुगू, सिंधी, कन्नड चालते. गोंडी नाही, कोरकू नाही, कोलामी नाही. म्हणजे माझ्या गावातली मुलगी जी भाषा उत्तम बोलते, जिच्यामुळं ती पहिलीच्या वर्गात सोन्यासारखी ठरेल, तिचा तिला एक गुणही मिळत नाही. राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीत, म्हणजे मान्य भाषांच्या यादीत, नाही असं कारण देतात. संथाली आणि बोडो २००३च्या घटनादुरुस्तीनं त्या यादीत गेल्या. २०११च्या जनगणनेत गोंडी बोलणारे जवळपास ३० लाख भरले, आम्ही अजून दारातच उभे.

केंद्रप्रमुख_निवृत्त

पळसपान सर, तुम्ही योग्य जागी बोट ठेवलंत. मी ३४ वर्षं खात्यात काढली, त्यातली १४ धानोरा आणि कुरखेडा भागात.

कायद्याची कमतरता नाही. राज्यघटनेत अनुच्छेद ३५०-क १९५६ सालापासून आहे, प्राथमिक टप्प्यावर मातृभाषेतून शिकवण्याची सोय राज्यांनी करावी म्हणून. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम २९मध्ये शक्य तिथवर मातृभाषा हे माध्यम आहे. २०२०च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणात किमान पाचवीपर्यंत, जमलं तर आठवीपर्यंत. त्याच धोरणाच्या शिक्षकांवरच्या प्रकरणात तर स्पष्ट आहे की ग्रामीण भागातल्या गुणी विद्यार्थ्यांना, विशेषतः मुलींना, शिक्षक होण्यासाठी शिष्यवृत्त्या द्याव्यात, स्थानिक नोकरी द्यावी, म्हणजे स्थानिक भाषा बोलणारे शिक्षक मिळतील. पळसपान सर जे म्हणताहेत ते नवं नाही, ते २०२०पासून कागदावर आहे.

अडतं कुठं ते सांगतो. आदिवासी आणि नक्षलग्रस्त भागात काम केलं की एकस्तर, म्हणजे एक पायरी वरची, वेतनश्रेणी मिळते, प्रोत्साहन भत्ता मिळतो. हा पैसा गाव अवघड आहे म्हणून मिळतो. तिथं राहून तुम्ही पोरांची भाषा शिकलात की नाही हे कुणी विचारत नाही. माझ्या हाताखालच्या शाळांत दोन गुरुजी होते. एकाला सात वर्षांत पाणी मागण्याइतकी गोंडी आली नाही. दुसऱ्यानं वर्षात शिकून गावातल्या म्हाताऱ्यांच्या गोष्टी वहीत उतरवल्या, त्याच गोष्टी तो वर्गात वाचायचा. दोघांना भत्ता सारखा. वर्षातून एकदा तोंडी परीक्षा घ्या, गावातल्याच दोन बायामाणसांसमोर, आणि जो बोलला त्याला भाषेचा वेगळा भत्ता द्या. खर्च फार नाही. ज्या गुरुजीनं गोष्टी उतरवल्या त्याची वही आज कुठं आहे कुणास ठाऊक, त्याची बदली झाली आणि नव्या माणसानं कपाट साफ केलं.

नागपुरी_संत्री

सगळ्यांचा आदर राखून वेगळं मत मांडते. मी एका आश्रमशाळेत पाच वर्षं शिकवलंय. पालक मला हात जोडून सांगायचे, मॅडम, याला मराठी चांगलं बोलता येऊ द्या, जमलं तर इंग्रजी. घरची भाषा तर त्याला येतेच. पोलीस भरती, वनरक्षक, तलाठी, सगळं मराठीत. आपण शहरातले लोक आपली मुलं इंग्रजी शाळेत घालणार आणि त्यांच्या मुलांना सांगणार की तुम्ही गोंडीत शिका, हे मला पटत नाही. पैसा द्यायचाच तर बालवाडीपासून चांगलं मराठी शिकवायला द्या.

मेळघाटची_लेक

संत्री ताई, तुमचा राग मला कळतो, पण प्रश्न 'मराठी की कोरकू' असा नाहीच मुळी. मी धारणी तालुक्यातली, घरी कोरकू, आता चिखलदरा तालुक्यात जिल्हा परिषद शाळेवर सहायक शिक्षिका. माझ्या वर्गातली पोरं दुसरीच्या शेवटाला मराठी वाचतात, मराठीत भांडतात, मराठीत माझी तक्रार मोठ्या मॅडमकडं करतात. ती मराठीत गेली ती कोरकूच्या पुलावरून.

जवळून दाखवते. पहिल्या आठवड्यात मी फळ्यावर काही लिहीत नाही. घरून तांब्या नेते. तो दाखवून म्हणते, "डा". सगळे एका सुरात "डा!" मग तांब्यातलं पाणी ओतत म्हणते, "डा, पाणी." दोनदा, तीनदा. मग कुणीतरी धीट पोरगा स्वतःच म्हणतो, "मॅडम, पाणी." तो शब्द त्यानं उचललेला असतो, मी कोंबलेला नसतो. हे करायला मला जास्तीचा एक दिवस लागतो. ज्यांना कोरकू येत नाही त्यांना ह्यालाच महिने लागतात, कारण पोराचं चुकलं की नाही हेच त्यांना कळत नाही.

आणि मेळघाटात अजून एक घोटाळा आहे. आमच्या बाजारात हिंदी चालते, मध्य प्रदेशची हद्द लागून आहे. बाहेरून आलेले गुरुजी हिंदीत बोलतात, मोठी पोरं उत्तर देतात, म्हणून वरच्यांना वाटतं भाषेचा प्रश्न इथं नाही. सहा वर्षांची मुलगी, जी बापासोबत बाजारात गेली नाही, भावंडं सांभाळत ढाण्यातच, म्हणजे आमच्या वस्तीतच, राहिली, तिला हिंदीही येत नाही. ती मागं बसते. तिला कुणी मोजतच नाही.

वऱ्हाडी_ठेचा

लेक ताई, तांब्याचं लय आवडलं. आमच्या वऱ्हाडी पोरायलेबी शाळेत 'मले' म्हटलं का "मला म्हण" म्हणून छडी बसे. तरी आमाले बाईचं बोलणं कळे तरी. तुमच्या पोरायले तेबी कळत नसे. आता समजलं दोन्हीत किती फरक हाय ते.

नागपुरी_संत्री

लेक ताई, पुलाचं पटलं. आमच्या आश्रमशाळेत पहिलीत चार तालुक्यांतली मुलं होती, तिथं असा पूल बांधायला कुणी नव्हतं. माझं म्हणणं मी एवढंच ठेवते, पालकांना आधी हे नीट समजावून सांगा. नाहीतर त्यांना वाटेल, आपल्या पोराला मागं ठेवताहेत.

तांड्यावरची

मी यवतमाळ जिल्ह्यातली, गोरमाटी, म्हणजे बंजारा. आमच्या तांड्यापासून दीड किलोमीटरवर कोलाम पोड, म्हणजे कोलामांची वस्ती, आहे, आणि दोन्हीची शाळा एकच. वर्गात गोरमाटी बोलणारी पोरं, कोलामी बोलणारी पोरं आणि गावठाणातली मराठी पोरं. मला सांगा, तिथं दोन भाषांचा शिक्षक नेमायचा तर कोणत्या दोन भाषांचा?

माझ्या वेळी गुरुजी आमच्याच समाजाचे होते. ते अडलं की गोरमाटीत सांगायचे, त्यामुळं आम्ही तरलो. पोडावरची पोरं तेव्हाही कोपऱ्यात होती. आमच्यासोबत पहिलीत सात कोलाम मुलं होती, चौथीत एक उरला. त्या वेळी आम्हाला वाटायचं ही पोरं बोलतच नाहीत, लाजाळू आहेत. पुढं मोठी झाल्यावर पोडावर लग्नाला गेले तर तीच पोरं अशी बोलत होती, गाणी म्हणत होती की माझा मलाच धक्का बसला. कोलाम म्हणजे केंद्र सरकारच्या यादीतही अतिअसुरक्षित जमात, माडिया गोंड आणि कातकरींसारखी. त्यांच्यासाठी योजना येतात, घरकुलं येतात. पोडावर एक शिक्षिका त्यांच्यातलीच आली तर बाकीचं पुष्कळ आपोआप होईल, असं मला मनापासून वाटतं.

पैनगंगा

तांड्यावरची ताई, तुमच्या प्रश्नाला माझ्या डोक्यात एक उत्तर आहे. शिक्षक एकच राहू दे, पण वर्गात सोबतीला भाषेची मदतनीस असावी, पोडावरचीच. ओडिशानं २००६-०७च्या सुमारास दहा आदिवासी भाषांपासून बहुभाषिक शिक्षण सुरू केलं, पुढं ते २१ भाषांवर गेलं. तिथं समाजातलीच माणसं शिक्षक म्हणून घेण्यावर भर राहिला. झारखंडातही संथाली, हो, मुंडारी, कुडुख, खडिया या पाच भाषांत पहिलीपासून काम चाललंय. आपल्याकडं हेमलकशाच्या लोकबिरादरीत माडियातून सुरुवातीचं शिक्षण करून बघितलं गेलं. म्हणजे होतं, करता येतं.

दुसरं, कोणती गोंडी? भामरागडची माडिया, धानोऱ्याची गोंडी, आमच्या पांढरकवड्याकडची गोंडी, सगळ्या वेगळ्या. लिपीही दोन-तीन. माझ्या आजोळी किनवटकडं बोलतात ती आदिलाबादला जवळची. पुण्यात बसून एकच पुस्तक छापलं तर ते कुणाचंच नसतं. म्हणून मीही म्हणते, पुस्तकापेक्षा माणूस. माणूस स्वतःच्या नाऱ्यातली गोंडी बोलतो.

कोयतूर

पैनगंगा ताई, 'नार' म्हणजे गाव, बरोबर वापरलात! लिपीचं भांडण आमच्यातही आहे. मुंशी मंगल सिंह मसराम यांनी १९१८ साली एक लिपी बनवली, गुंजाळा गावच्या हस्तलिखितांतली दुसरी. मला दोन्हींचा अभिमान आहे. पण पहिलीच्या पोराला देवनागरीत गोंडी लिहून दिली तर त्याला मराठीकडं जाताना अक्षरं तीच राहतात. हे माझं मत, समाजातले काही लोक यावर नाराज होतात.

आणि मोहगावचा उल्लेख इथं झालाच पाहिजे. धानोरा तालुक्यातल्या मोहगावच्या ग्रामसभेनं २०१९ला स्वतःची गोंडी माध्यमाची शाळा काढली. सरकारचा पैसा नाही, गावांनी वर्गणीवर चालवली. शिक्षण विभागानं ती अनधिकृत ठरवली, ग्रामसभा उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठात गेली. संत्री ताईंना मला हेच सांगायचंय, की पालक मागत नाहीत असं सरसकट नाही. तिथं पालकांनीच मागितलं.

गुरुजी_वेटिंगवर

मी आरमोरीचा. डी.एड. झालं, टीईटी पास, अभियोग्यता चाचणी दोनदा दिली, शिक्षकभरतीच्या पवित्र पोर्टलवर प्राधान्यक्रम भरून भरून बोटं झिजली. वय ३४. आता भाषेची अट आली तर माझ्यासारख्या बिगरआदिवासी पोरांना आणखी एक दार बंद. आधीच पेसा क्षेत्रातली, म्हणजे आदिवासी ग्रामसभांचा कायदा लागू असलेल्या भागातली, शिक्षकांसह १७ संवर्गांची पदं स्थानिक आदिवासींमधून भरायची अधिसूचना आहे. आमच्या घरी झाडीबोली बोलतात, गोंडी कानावर आहे, शिकायची तयारी आहे. पण शिकायचं कुठं? एक तरी वर्ग दाखवा जिथं मला सहा महिन्यांत गोंडी शिकवतील आणि प्रमाणपत्र देतील.

कोयतूर

भाऊ, तुमचं दुःख खोटं नाही. पण दोन गोष्टी एकत्र करू नका. पेसाची पदं हा स्थानिक आदिवासींचा हक्क आहे, ते प्रकरण न्यायालयात अडकलं तेव्हा आमच्या पोरांनी आंदोलनं केली आणि मानधनावरच्या नेमणुका पदरात पडल्या. भाषा ही वेगळी पात्रता आहे. तिची परीक्षा सगळ्यांना खुली ठेवा. तुम्ही गोंडी शिकून याल तर माझ्या गावात तुमचं स्वागत मी स्वतः करीन. आणि हेही कबूल करतो की आमच्यातलीसुद्धा शहरात वाढलेली पोरं आहेत ज्यांना गोंडी येत नाही. प्रमाणपत्र जातीचं आहे म्हणून भाषा येते असं धरू नये.

केंद्रप्रमुख_निवृत्त

वेटिंगवर सर, तुमचा "शिकायचं कुठं" हा प्रश्न या धाग्यातला सगळ्यात कामाचा प्रश्न आहे. बहुतेक जिल्ह्यांत डाएट, म्हणजे जिल्हा शिक्षण व प्रशिक्षण संस्था, आहे, इमारत आहे, वसतिगृह आहे, अधिव्याख्याते आहेत. गडचिरोलीच्या डाएटला गोंडी-माडिया, अमरावतीच्या डाएटला कोरकू, यवतमाळच्या डाएटला कोलामी असा सहा महिन्यांचा निवासी वर्ग लावायला इमारत बांधावी लागत नाही. बोलणारी चार माणसं मानधनावर घ्या, शेवटचे दोन महिने गावात राहायला पाठवा.

ह्यूस्टनकर

मूळचा पुसदचा, गेली १६ वर्षं टेक्सासात. माझी बायको इथं सरकारी शाळेत आहे म्हणून दोन गोष्टी सांगतो. इथं स्पॅनिश बोलणाऱ्या पोरांसाठी दोन भाषांचे वर्ग आहेत आणि ते घेणाऱ्या प्रमाणित शिक्षकांना बरीच शिक्षणमंडळं पगारावर वेगळी रक्कम देतात. केंद्रप्रमुख सर म्हणतात तो भाषेचा भत्ता तो हाच. सगळं गोड नाही. कॅलिफोर्नियात १९९८ला लोकांनी मतदान करून असे वर्ग जवळपास बंद पाडले आणि २०१६ला पुन्हा मतदान करून ते खुले केले. मधल्या काळात हे शिक्षक तयार व्हायचेच कमी झाले, आणि वर्ग खुले झाल्यावर शिकवायला माणसं कमी पडू लागली. माणसं तयार करायला वर्षं लागतात, थांबवायला एक निर्णय पुरतो.

दुसरी गोष्ट जास्त उपयोगाची. काही राज्यांत शाळेतल्याच मदतनिसांना, ज्या पोरांची भाषा बोलतात, सरकारी पैशातून शिकवून शिक्षक करतात. नोकरी चालू ठेवून शिक्षण. पळसपान सरांना 'काल'चा अर्थ कुणी सांगितला? अंगणवाडीच्या मदतनीस ताईंनी. तिथूनच सुरुवात करा की.

तांड्यावरची

ह्यूस्टनकर दादा, अगदी! आमच्या पोडावरची अंगणवाडी सेविका बारावी आहे. तिला कुणी विचारलंच नाही की तुला गुरुजी व्हायचंय का.

हिशोबी

मी यवतमाळला बँकेत आहे, शिक्षणातलं फार कळत नाही, पण इथं सगळे "खर्च किती" म्हणून बिचकतात म्हणून आकडेमोड करतो. शिक्षणसेवकाचं, म्हणजे सुरुवातीला मानधनावर नेमलेल्या शिक्षकाचं, महिन्याचं मानधन ६,००० होतं, २०२३पासून प्राथमिकला १६,००० झालं. वर्षाचे १,९२,०००. समजा पूर्व आणि पश्चिम विदर्भ मिळून भाषा येणारे ५०० शिक्षणसेवक घ्यायचे. वर्षाला ९ कोटी ६० लाख. आता लक्ष द्या, हा खर्च नवा नाहीच. ती पदं मंजूर आहेत, कुणाला तरी घेऊन भरायचीच आहेत. भाषा येणारा घेतला काय, न येणारा घेतला काय, मानधन तेच. नवा खर्च फक्त दोन वर्षांच्या डी.एल.एड.चा आणि सहा महिन्यांच्या भाषावर्गाचा. समग्र शिक्षा या शाळांसाठीच्या योजनेत केंद्र सरकारचा वाटा ६० टक्के असतो, त्यात हे बसवता येतं का ते केंद्रप्रमुख सरांनी सांगावं.

वऱ्हाडी_ठेचा

हिशोबी भाऊ, बजेट तुमच्याच हाती द्याले पायजे!

जरा विषय सोडून. २०२५ मध्ये पहिलीपासून हिंदी शिकवायचा निर्णय झाला तवा मुंबई-पुण्यात केवढा गदारोळ झाला. एप्रिलात काढला, जून संपता संपता मागं घेतला. लहान लेकराच्या डोक्यावर तिसरी भाषा कायले, असं सगळे म्हणत होते. मीबी म्हणत होतो. आज हा धागा वाचून ध्यानात आलं, मेळघाटातल्या लेकराले मराठी हीच परकी हाय, इंग्रजी अन् हिंदी त्याच्याहून पुढं. तवा हे कोणालेच आठवलं नाही. मलेबी नाही.

नागपुरी_संत्री

ठेचा भाऊ, मलाही नाही. पण धाग्यावर परत येऊ या. मला एक भीती अजून आहे. स्थानिक पोरगी शिक्षिका झाली आणि तिलाही मराठी कच्चं असेल तर? ती पुढच्या पिढीला तेच कच्चं मराठी देईल.

मेळघाटची_लेक

ताई, ही भीती बरोबर आहे आणि तिचं उत्तर प्रशिक्षणातच आहे. डी.एल.एड.च्या दोन वर्षांत मला कुणी शिकवलं नाही की कोरकू वापरून मराठी कशी शिकवायची. उलट पाठाच्या वेळी मी एक शब्द कोरकूत बोलले तर निरीक्षकांनी वहीत शेरा मारला, "प्रमाण भाषेचा वापर करावा." मी सगळं वर्गात चुका करत शिकले. पहिली दोन वर्षं माझं मराठी लेखनही अशुद्ध होतं, मी रात्री वर्तमानपत्र उतरवून काढायचे. या पोरींना दोन्ही भाषा पक्क्या शिकवा. त्यासाठीच तर पैसा मागतोय आपण.

पळसपान

चार दिवस रेंज नव्हती, नाल्याला पूर होता. आज सगळं एका बैठकीत वाचलं. सगळ्यांचे मनापासून आभार.

संत्री ताई, पालकांचं तुम्ही म्हणता ते मीही ऐकलंय. पण एक प्रसंग सांगतो. मे महिन्यात गावात तेंदू हंगाम, म्हणजे विडीच्या पानांची तोडणी, असतो. ७० पानांचा एक पुडा. माझ्या दुसरीतला पोरगा आईशेजारी बसून पानं मोजत होता, उंदी, रंड, मूंद, नालुंग, सयुंग... न चुकता, हात चालू, तोंड चालू, पुडा बांधून बाजूला. दोन महिने आधी मी त्याच्या प्रगतिपत्रकात लिहिलं होतं, "संख्याज्ञान कमी." त्याची आई माझ्याकडं बघून हसली. मी त्या संध्याकाळी शाळेत जाऊन तो शेरा पुन्हा वाचला. हिशोब त्याला येत होता, माझ्या भाषेतले आकडे येत नव्हते. यंदा जुलैत पानं वर्गात आणली, आधी गोंडीत मोजून घेतलं, मग मराठीत. तीन आठवड्यांत वर्ग वीसच्या पुढं गेला.

मूळ प्रश्नाकडं येतो. तुमचं वाचून माझं मत थोडं बदललंय. मी फक्त नव्या पोरींचा विचार करत होतो. ह्यूस्टनकर दादांनी अंगणवाडीच्या ताईंची आठवण दिली आणि मला लाज वाटली, कारण मला गोंडी त्यांनीच शिकवली. काल त्यांना विचारलं. त्या म्हणाल्या, बारावीला ५८ टक्के आहेत, पण दोन वर्षं शिकायला गेले तर घर कोण चालवणार? फी एकवेळ होईल. या दोन वर्षांत घरी महिन्याला काही आलं पाहिजे. आपण सगळे शिष्यवृत्ती म्हणत होतो, त्यात हे धरलंच नव्हतं.

बुधवारी ग्रामसभा आहे. भूमिया, म्हणजे गावाचे पारंपरिक प्रमुख, आणि सरपंच ताईंशी बोललोय. ठराव घ्यायचा विचार आहे, गावातल्या बारावी झालेल्या तिघींना डी.एल.एड.साठी खर्च आणि दोन वर्षं विद्यावेतन मिळावं, आणि पुढची रिक्त जागा भरताना गोंडीची तोंडी परीक्षा घ्यावी. ठराव आदिवासी विकास प्रकल्प कार्यालय आणि जिल्हा परिषद दोन्हीकडं पाठवायचा. केंद्रप्रमुख सर, मसुदा कसा असावा?

केंद्रप्रमुख_निवृत्त

सर, आज रात्री लिहून पाठवतो. वर अनुच्छेद ३५०-क आणि कलम २९ लिहा, खाली धोरणातला शिष्यवृत्तीचा परिच्छेद शब्दशः द्या. पुड्याचा प्रसंगही घाला, अधिकारी कलमं चाळतात पण असं काही असलं की थांबून वाचतात. ठराव मराठीत आणि गोंडीत, दोन्हीत लिहा. गोंडी मजकूर कोयतूर भाऊंकडून तपासून घ्या. आणि पोच घेतल्याशिवाय कार्यालयातून बाहेर पडू नका.

कोयतूर

पाठवा सर, मंगळवारी सकाळपर्यंत तपासून देतो. तुमच्या भागातली बोली थोडी वेगळी पडेल, म्हणून शेवटचा हात ताईंनाच फिरवू द्या.

गुरुजी_वेटिंगवर

पळसपान सर, बुधवारी मी येऊ का? आरमोरीहून गाडीवर येतो. ताई शिकवायला तयार असतील तर दिवाळीपर्यंत गावात राहायची माझी तयारी आहे.

पळसपान

या. नाल्याचं पाणी उतरलंय, पण एटापल्लीहून दुपारच्या आत निघा. राहायची सोय शाळेच्या खोलीत होईल. ताई म्हणाल्या, शिकवीन, पण रोज संध्याकाळी विहिरीवरून दोन घागरी येर आणून द्यायचं. 'येर' म्हणजे काय ते आल्यावर त्याच सांगतील.